रंगदृष्टीची परीक्षा आणि वाहतुकीतील नोकऱ्या

पनवेल हे पूर्वापार दळणवळणाचे गाव आहे. बोरघाट उतरून आलेला देशावरचा माल एके काळी येथील खाडीतून गलबतांनी मुंबईस जात असे. गलबतांचे दिवस सरले, परंतु गावाचा स्वभाव बदलला नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता पनवेलवरून जातो. कोकण किनाऱ्याने थेट कन्याकुमारीस पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ येथूनच सुरू होतो. द्रुतगती मार्गाचे मुंबईकडील टोक कळंबोलीस आहे. पनवेल स्थानकातून दिवा, कर्जत, रोहे आणि उरण या दिशांना लोहमार्ग फुटतात. हार्बर मार्गावरील उपनगरी गाडी १९९८ मध्ये येथवर आली. शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ पासून चालू आहे. उलवे येथील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. रस्ता, रेल्वे, जहाज आणि विमान हे वाहतुकीचे चारही प्रकार इतक्या लहान टापूत एकत्र आल्याचे उदाहरण महाराष्ट्रात विरळाच.

या विकासासाठी पनवेल-उरण भागातील गावांनी आपली भातशेती आणि मिठागरे दिली आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवे शहर, त्यानंतर बंदर आणि अलीकडे विमानतळ, यांसाठी जमिनी संपादित होत गेल्या. साहजिकच या गावांतील तरुणांची दृष्टी आता नोकरीकडे लागलेली असते. लोको पायलट, स्टेशन मास्तर, एस.टी.चा चालक, जहाजावरील अधिकारी किंवा वैमानिक होण्याचे स्वप्न अनेक घरांत पाहिले जाते. या सर्व वाटांवर शेवटी एक लहानशी परीक्षा उभी असते. तिला पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, तिचा अभ्यास करता येत नाही आणि तिच्यात उणे ठरलेल्या उमेदवारास पुन्हा तयारी करून उत्तीर्ण होता येत नाही. ही परीक्षा म्हणजे रंगदृष्टीची तपासणी होय.

ही तपासणी कशासाठी असते, ती कशी होते, तिचे नियम कोठे कडक आणि कोठे सौम्य आहेत, आणि मुख्य म्हणजे ती योग्य वेळी झाली तर तरुणांचे किती नुकसान टळू शकते, याची माहिती शिक्षकांना, पंचायत सदस्यांना आणि भरतीशी संबंधित अधिकाऱ्यांना असणे आवश्यक आहे.

रंग दिसतो कसा?

डोळ्याच्या मागील भागात दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यात प्रकाश ग्रहण करणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि रंगाची जाणीव त्यांच्यामुळे होते. शंकुपेशींचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार लांब लहरींच्या, दुसरा मध्यम लहरींच्या व तिसरा आखूड लहरींच्या प्रकाशास अधिक प्रतिसाद देतो. या तिघांकडून आलेल्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवितो.

यांपैकी एक प्रकार मुळातच नसेल, अथवा त्याचे काम सदोष असेल, तर काही रंगांतील भेद पुसट होतो. तांबडा आणि हिरवा यांत गफलत होणे हा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे. अशा व्यक्तीला जग काळेपांढरे दिसते, हा समज चुकीचा आहे. तिला रंग दिसतात. परंतु तांबडा, हिरवा, तपकिरी, पिवळा व नारिंगी यांच्या काही छटा सारख्याच भासतात. काहींना तर तांबडा प्रकाश मंद दिसतो. म्हणजे इतरांना जो तांबडा दिवा दुरून दिसतो, तो त्यांना बराच जवळ गेल्यावर दिसतो. काहीच रंग न ओळखणारी व्यक्ती क्वचितच आढळते.

हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि त्याचे गुणसूत्र 'एक्स' हे आहे. पुरुषात हे गुणसूत्र एकच असते, स्त्रीत दोन असतात. स्त्रीचे एक सदोष असले तरी दुसरे त्याची उणीव भरून काढते. त्यामुळे दोष मुख्यतः पुरुषांत दिसतो, पण तो येतो आईकडून. आजोबांना असलेला दोष मुलीला त्रास न देता तिच्या मुलात प्रकट होतो. दोष वाहणाऱ्या मातेच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरामागे सुमारे आठ जणांना हा दोष असतो. स्त्रियांत तो दोनशेमध्ये एखादीस आढळतो. भारतातील पाहण्यांत पुरुषांमधील प्रमाण याहून कमी, शंभरात साधारण दोन ते पाच इतके, दिसून आले आहे. म्हणजे तीनशे मुलगे असलेल्या माध्यमिक शाळेत सहा ते पंधरा मुलांना तो असू शकतो. त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नसते. ज्याने जग पहिल्यापासून एकाच तऱ्हेने पाहिले, त्याला इतरांना ते वेगळे दिसते हे कळणार कसे? 'झाडाचा रंग हिरवा, रक्ताचा तांबडा' हे तो ऐकून शिकतो आणि रंगांची नावे बिनचूक सांगतो.

इंग्लंडमधील प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे स्वतःच्याच या दोषाचे वर्णन केले. आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा अशी त्यांची कल्पना होती आणि मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत असे त्यांनी सांगून ठेवले होते. १८४४ मध्ये तसे करण्यात आले. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्याच्या अवशेषांवर दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, आनुवंशिक परीक्षण झाले आणि मध्यम लहरींच्या शंकुपेशींतील रंगद्रव्य त्यांच्यात नव्हते, असे सिद्ध झाले.

आगगाडीपासून तपासणीकडे

डाल्टन यांच्या काळात हा दोष म्हणजे एक कुतूहलाचा विषय होता. आगगाडी आली आणि तो सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न बनला. दिवसा सिग्नलचा हात वर आहे की खाली हे पाहून चालकाचे काम भागे. रात्री मात्र दिव्यापुढील काचेच्या रंगावरच सर्व भिस्त असे.

१८७५ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधील लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे मृत्युमुखी पडली. उप्साला विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी या अपघातामागे रंगांधळेपणा असावा अशी शंका व्यक्त केली. पुढे त्यांनी एका लोहमार्गावरील २६६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा १३ जणांत दोष आढळला. लागरलुंडाच्या अपघाताचे कारण खरोखर हेच होते काय, याविषयी अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. परंतु २६६ पैकी १३ या आकड्याने रेल्वेचे व्यवस्थापक जागे झाले, यात संशय नाही. होल्मग्रेन यांची पद्धत साधी होती. निरनिराळ्या रंगांच्या लोकरीच्या लडींचा ढीग पुढे ठेवून दिलेल्या लडीशी जुळणाऱ्या लडी निवडावयास सांगत. रंगाचे नाव विचारले जात नसे, हे या पद्धतीचे मर्म होते. मात्र सौम्य दोष असलेले काही जण तीतून सुटत. म्हणून पुढे अधिक काटेकोर पद्धती आल्या.

तपासणीच्या पद्धती

आज दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिली जपानमधील नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रपट्ट्यांची. पट्टीवर लहानमोठे रंगीत ठिपके असतात आणि त्यांत एक अंक दडलेला असतो. ठिपक्यांचा उजळपणा मुद्दाम कमी-अधिक ठेवलेला असल्याने केवळ रंगाच्या भेदावरूनच अंक ओळखता येतो. काही पट्ट्यांत निर्दोष दृष्टीच्या माणसाला एक अंक व सदोष दृष्टीच्या माणसाला दुसराच अंक दिसतो. पूर्ण संचात ३८ पट्ट्या असतात. पहिल्या पट्टीवरील १२ हा अंक सर्वांना दिसतो. तो दिसत नाही असे म्हणणारा एक तर प्रश्न समजलेला नसतो किंवा दृष्टी फारच अधू असलेला अथवा सोंग करणारा असतो. अखेरच्या पट्ट्यांत अंकांऐवजी नागमोडी रेषा आहेत. निरक्षर माणसाने त्या बोटाने किंवा कुंचल्याने गिरवावयाच्या असतात.

ही तपासणी दिवसाच्या स्वच्छ उजेडात, सुमारे ७५ सेंटिमीटर अंतरावरून आणि प्रत्येक पट्टीला तीन सेकंदांहून अधिक वेळ न देता व्हावयास हवी. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात, उन्हाने फिकट झालेल्या जुन्या पुस्तकावरून अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर घेतलेली तपासणी विश्वासार्ह मानता येत नाही. पट्ट्यांचा क्रमही बदलता ठेवावा. कारण क्रमाने अंक पाठ करून येणारे उमेदवार असतात.

दुसरी पद्धत कंदिलाची. भारतीय रेल्वेत तसेच केंद्र शासनाच्या अनेक सेवांच्या वैद्यकीय तपासणीत फ्रेडरिक एड्रिज-ग्रीन यांच्या नावाने ओळखला जाणारा कंदील वापरला जातो. अंधाऱ्या खोलीत उमेदवारास बसवून बारीक छिद्रातून तांबडा, हिरवा, पिवळा, पांढरा असे दिवे दाखवितात. धुके किंवा पाऊस असताना सिग्नल कसा दिसेल, हे पाहण्यासाठी वेगळ्या काचा असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या सेवांच्या नियमांत रंगदृष्टीच्या दोन श्रेणी आहेत. दोन्हींत कंदील १६ फुटांवर असतो आणि रंग पाच सेकंद दाखविला जातो. वरच्या श्रेणीत छिद्र १.३ मिलिमीटरचे, तर खालच्या श्रेणीत १३ मिलिमीटरचे असते. जनतेच्या सुरक्षिततेशी संबंधित सेवांना वरची श्रेणी आवश्यक धरली आहे. बारीक छिद्र म्हणजे दूरवरचा सिग्नल, असा त्याचा अर्थ.

दोन्ही पद्धतींचे काम एक नव्हे. इशिहाराच्या पट्ट्या दोष आहे की नाही हे चांगले दाखवितात. पण तो किती आहे हे नेमके सांगत नाहीत. कंदील प्रत्यक्ष कामात सिग्नल ओळखता येईल काय, याचा अंदाज देतो. दोषाचा प्रकार आणि तीव्रता निश्चित करण्यासाठी मोठ्या नेत्ररुग्णालयांत आणखी उपकरणे असतात. एकाच्या आवाक्यात पिवळा प्रकाश ठेवून तांबडा व हिरवा मिसळून तसाच पिवळा साधावयास सांगणारे नागेल यांचे उपकरण त्यांपैकी प्रमुख आहे.

रेल्वेचे नियम

रेल्वेने आपल्या पदांची वैद्यकीय वर्गवारी केली आहे. ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१ व सी-२ असे हे वर्ग आहेत. सहाय्यक लोको पायलटचे पद ए-१ मध्ये येते. त्यास चष्म्याविना दोन्ही डोळ्यांची ६/६ दृष्टी हवी. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन आणि पूर्वी मालगाडीचा गार्ड म्हणून ओळखला जाणारा व २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हटला जाणारा कर्मचारी ए-२ मध्ये मोडतात. रुळांची देखभाल करणारा ट्रॅक मेंटेनर बी-१ मध्ये येतो. या सर्वांना रंगदृष्टीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. बी-२ आणि सी वर्गांतील पदांना ती अट नाही. तिकीट खिडकीवरील लिपिकाचे पद बी-२ मध्ये आणि कार्यालयीन लिपिक-टंकलेखकाचे पद सी-२ मध्ये मोडते.

हे नियम इतके कडक का, याचे उत्तर लोहमार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या सिग्नलपाशी मिळते. तांबडा म्हणजे थांबा. एक पिवळा म्हणजे सावध, पुढील सिग्नलपाशी थांबण्याची तयारी ठेवा. दोन पिवळे म्हणजे पुढील सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडण्याची तयारी ठेवा. हिरवा म्हणजे चला. भरधाव गाडी थांबण्यास शेकडो मीटर अंतर लागते. तेव्हा सिग्नल दुरूनच ओळखला पाहिजे. पावसाळ्यातील रात्री पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या चालकाला दुरून दिसतो तो केवळ प्रकाशाचा एक ठिपका. खांबावर तो वर आहे की खाली, हे त्या अंतरावरून कळत नाही. शहरातील चौकात गोष्ट निराळी असते. तेथे तांबडा दिवा नेहमी वर व हिरवा खाली असतो, वाहनांचा वेग कमी असतो आणि पुढील गाड्या थांबल्या की आपणही थांबावयाचे हे कळते. रुळावर यांपैकी कोणताच आधार नाही. ट्रॅक मेंटेनरच्या हातातील तांबडा आणि हिरवा झेंडा हाही शेकडो प्रवाशांच्या जीविताचा प्रश्न असतो.

रस्ता, समुद्र आणि आकाश

रस्त्यावरील नियम अलीकडे सौम्य झाले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ व १-अ यांत जून २०२० मध्ये सुधारणा झाली. तिच्यामुळे सौम्य व मध्यम स्वरूपाचा रंगांधळेपणा असलेल्या नागरिकांना वाहन चालविण्याचा परवाना मिळण्यातील अडथळा दूर झाला. तीव्र दोष असणाऱ्यांस मात्र तो मिळत नाही. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते आणि असा परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणास येतो.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. परवाना मिळणे ही एक गोष्ट आणि नोकरी मिळणे ही दुसरी. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या चालक पदाच्या भरतीत रंगांधळेपणा नसावा अशी अट घालण्यात येते. स्वतःची मोटार कायदेशीरपणे चालविणारा तरुण या अटीत बसेलच असे नाही. परवाना दाखवून 'माझे डोळे चांगले आहेत' असे मानणाऱ्या उमेदवारांची येथे निराशा होते.

समुद्रावर जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. रात्री समोरचे जहाज आपल्याकडे येत आहे की दूर जात आहे, हे या दिव्यांवरून ठरते. बंदरात शिरताना आपल्याकडील समुद्रात तांबडे बोये डावीकडे आणि हिरवे उजवीकडे ठेवावयाचे असतात. म्हणून डेकवरील पहारा करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि खलाशांसाठी रंगदृष्टीचे निकष कडक आहेत. इंजिन विभागाचे निकष तुलनेने सौम्य आहेत, तर स्वयंपाक व भोजन विभागास ही अट सहसा लागत नाही. पनवेल तालुक्यातच न्हावा येथे १९१० मध्ये स्थापन झालेली 'रहमान' ही प्रशिक्षण नौकेच्या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. दर्यावर्दी जीवनाची परंपरा असलेल्या या किनाऱ्यावरील मुलांनी प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वीच डोळे तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

विमान धावपट्टीकडे उतरताना बाजूस चार दिव्यांची रांग दिसते. दोन पांढरे व दोन तांबडे दिसले तर उतरण्याचा कोन योग्य. चारही तांबडे दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आहे. विमानतळावरील मार्गांच्या कडा निळ्या दिव्यांनी आणि मध्यरेषा हिरव्या दिव्यांनी दाखविलेली असते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीला स्थान का आहे, हे यावरून समजते. विमानतळावर मात्र इतरही शेकडो प्रकारची कामे असतात आणि त्यांतील पुष्कळ कामांस रंगदृष्टीचा संबंध नसतो.

नोकरीत असताना येणारा दोष

रंगदृष्टीतील दोष जन्मजातच असतो असे नाही. काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार आणि दृष्टिचेतेचा दाह यांमुळे तो पुढील आयुष्यात उद्भवू शकतो. तंबाखू आणि मद्य यांच्या अतिरेकानेही दृष्टिचेतेला इजा पोहोचते. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल या उपयुक्त औषधाने काही रुग्णांत दृष्टिचेतेवर परिणाम होतो आणि तांबड्या-हिरव्यातील भेद मंदावणे हे त्याचे एक लक्षण असू शकते. औषध स्वतःच्या मनाने बंद करणे अत्यंत घातक आहे. परंतु चालकाचे काम करणाऱ्या रुग्णाने आपला व्यवसाय डॉक्टरांस अवश्य सांगावा आणि रंग फिके दिसू लागल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो व वाढत नाही. उद्भवलेला दोष एका डोळ्यात अधिक असू शकतो आणि बदलत जातो. त्यामुळे प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र तपासणी करणे उचित होय.

याच कारणासाठी रेल्वेत ए वर्गातील कर्मचाऱ्यांची तपासणी नेमणुकीनंतरही ठरावीक कालावधीने होत राहते आणि वय वाढेल तसा हा कालावधी कमी होत जातो. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये येणाऱ्या हजारो चालकांच्या मागे असा नियमित धाक नसतो. त्यांच्यासाठी होणाऱ्या नेत्रशिबिरांत केवळ चष्म्याचा क्रमांक पाहून न थांबता रंगदृष्टी व मधुमेह यांचीही तपासणी झाली, तर शिबिराचे सार्थक होईल.

कायद्याची बाजू

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत. रंगांधळेपणा त्यांत नाही. त्यामुळे या दोषासाठी दिव्यांगतेचे प्रमाणपत्र वा आरक्षण मिळत नाही. मात्र यामुळे अशा व्यक्तीला कोणतेही संरक्षण नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. गेल्या काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत मार्गदर्शक निर्णय दिले आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये पुणे येथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटसंबंधीच्या प्रकरणात, रंगांधळेपणाच्या कारणावरून विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमांचे दार बंद करू नये, असे न्यायालयाने सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तामिळनाडूतील वीज कंपनीत सहाय्यक अभियंता पदासाठी निवड झालेल्या उमेदवारास या कारणावरून नाकारलेली नोकरी देण्याचा आदेश झाला. १ ऑगस्ट २०२५ रोजीचा निकाल तर थेट वाहतुकीशी संबंधित आहे. तेलंगणा राज्य मार्ग परिवहन महामंडळातील एका चालकास सेवेत असताना रंगांधळा ठरवून निवृत्त करण्यात आले होते. पर्यायी काम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता अशा कर्मचाऱ्यास घरी पाठविणे न्यायालयाने अमान्य केले. त्याला योग्य पदावर पुन्हा घ्यावे आणि मधल्या काळातील वेतनाच्या थकबाकीपैकी २५ टक्के रक्कम द्यावी, असा आदेश देण्यात आला.

या निर्णयांचा अर्थ रंग न ओळखणाऱ्या माणसाच्या हाती गाडी द्यावी असा मुळीच नाही. ज्या कामात रंग ओळखण्यावर जीवित अवलंबून आहे, तेथे अट हवीच. ज्या कामाचा रंगाशी संबंध नाही, तेथे ती सवयीने लावू नये. आणि नेमलेल्या माणसाची जबाबदारी सहज झटकू नये, हा त्यांचा आशय आहे. भरतीच्या अटी तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक पदाबाबत 'या कामात रंग चुकल्यास काय घडेल?' हा प्रश्न विचारावा. उत्तर 'काहीच नाही' असे असेल, तर त्या अटीला जागा उरत नाही.

वेळेवर तपासणी : शाळेचे व पंचायतीचे कार्य

खरी अडचण तपासणीची नसून तिच्या वेळेची आहे. सहाय्यक लोको पायलटच्या भरतीत संगणकावरील लेखी परीक्षांचे टप्पे, अभियोग्यता चाचणी आणि कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर वैद्यकीय तपासणी येते. तोवर उमेदवाराची दोन-तीन वर्षे गेलेली असतात. शिकवणी वर्गाचे शुल्क भरलेले असते; कधी त्यासाठी जमिनीच्या मोबदल्याची रक्कमही खर्ची पडलेली असते. अखेरच्या दिवशी पट्टीवरचा अंक दिसत नाही आणि सारे श्रम वाया जातात. या पदासाठी अपात्र ठरलेल्यास दुसरे पर्यायी पदही मिळत नाही. हाच दोष आठवीत कळला असता, तर त्याच मुलाने तीच मेहनत लेखा, वाणिज्य, अध्यापन, संगणक अथवा रेल्वेतीलच सी वर्गातील पदासाठी केली असती.

म्हणून आठवी ते दहावीच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याची रंगदृष्टी एकदा तपासली जावी. यास मोठा खर्च नाही. ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांच्या साहाय्याने एका दिवसात एका शाळेची प्राथमिक तपासणी होऊ शकते. त्या वेळी पुढील गोष्टी पाळाव्यात.

तपासणी एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्रपणे व्हावी. वर्गासमोर होऊ नये. निष्कर्ष विद्यार्थ्यास व पालकांस खाजगीत सांगावा. शाळेतील तपासणी ही केवळ चाळणी आहे. दोषाची शंका आल्यास नेत्रतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी. आईला दोष देण्याचा प्रकार घरात होऊ नये, म्हणून आनुवंशिकतेची माहिती समजुतीने द्यावी. हा रोग नव्हे, बुद्धीशी किंवा नजरेच्या तीक्ष्णतेशी त्याचा संबंध नाही, आणि रातांधळेपणा हा याहून अगदी वेगळा विकार आहे, हेही स्पष्ट करावे.

शिक्षकांना वर्गातही काही खुणा दिसू शकतात. नकाशातील हिरवे व तपकिरी भाग एकच समजणारा, पान तपकिरी रंगविणारा, हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूने लिहिलेले वाचू न शकणारा विद्यार्थी निष्काळजी असेलच असे नाही. नकाशात रंगाबरोबर नावे व रेषा वापरल्या, रंगपेटीवर रंगांची नावे चिकटविली आणि फळ्यावर पांढरा किंवा पिवळा खडू वापरला, तर त्याची पुष्कळ अडचण दूर होते.

ग्रामपंचायतींनी रोजगार मेळावे आणि स्पर्धा-परीक्षा मार्गदर्शन वर्ग भरविताना पहिल्याच दिवशी रंगदृष्टीच्या तपासणीची सोय करावी. निरनिराळ्या पदांच्या वैद्यकीय अटी भरतीच्या जाहिरातींत दिलेल्या असतात. त्या काढून सूचनाफलकावर मराठीत लावाव्यात. खाजगी शिकवणी वर्गांनीही शुल्क घेण्यापूर्वी उमेदवारास ही तपासणी करून येण्यास सांगावे.

आणखी एका बाबतीत लोकांना सावध करणे आवश्यक आहे. जन्मजात रंगांधळेपणा बरा करणारे औषध, थेंब किंवा डोळ्यांचा व्यायाम सध्या उपलब्ध नाही. रंगीत काचांचे चष्मे व भिंगे काही रंगांतील फरक ठळक करतात. पण त्यांमुळे दृष्टी निर्दोष होत नाही. अशी भिंगे लपवून तपासणीस जाणे, अंक पाठ करणे किंवा दलालामार्फत खोटे प्रमाणपत्र मिळविणे हे नियमभंग तर आहेतच, शिवाय त्यांमुळे पुढे गाडीतील प्रवाशांचे आणि स्वतः चालकाचे प्राण धोक्यात येतात. तपासणीत चूक झाली असे वाटल्यास ठरलेल्या मुदतीत पुनर्तपासणी मागण्याचा रीतसर मार्ग खुला असतो. त्याचाच अवलंब करावा.

पनवेल परिसरात वाहतुकीच्या नव्या नोकऱ्या निर्माण होत राहतील. जमिनी दिलेल्या गावांतील मुलांना त्यांचा लाभ मिळावयाचा, तर त्यांच्या हाती केवळ जाहिरात देऊन भागणार नाही. कोणत्या वाटेने जावे हे त्यांना वेळेवर कळले पाहिजे. रंगदृष्टीच्या परीक्षेचा खरा उपयोग माणूस वगळण्यासाठी नसून योग्य माणसास योग्य कामापर्यंत पोहोचविण्यासाठी आहे. शाळा, रुग्णालय आणि ग्रामपंचायत या तीन संस्थांनी ठरविले, तर हे काम येत्या शैक्षणिक वर्षापासूनही सुरू होऊ शकेल.